पोटात एकाएकी कळ उठली तर काय पाहावे?



या पानावर आपण बहुधा संत्र्याचा डिंक्या रोग, कपाशीवरील बोंडअळी, तुरीचा मर असे विषय घेतो. या वेळी झाडाचे दुखणे बाजूला ठेवून माणसाच्या दुखण्याकडे वळावयाचे आहे. त्याला कारण घडले आहे, आणि त्यात माझीही चूक आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. रविवारी मिस्सा संपल्यावर एक शेतकरी बंधू माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "फादर, काल रातीपासून पोट लय दुखून राह्यलं. गॅस झाला असंन." मीही म्हटले, असेल. घरातली सोड्याची पुडी दिली, दोन दिवस ताक-भात खा म्हणून सांगितले. तो परत निघाला तेव्हा किंचित पुढे वाकून, उजवा पाय जपून टाकीत होता. हे मी डोळ्यांनी पाहिले. पण त्याचा अर्थ मला लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला नागपूरला न्यावे लागले. आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो, ते फुटून पोटभर पू झाला होता. तीन आठवडे दवाखान्यात काढले. माणूस वाचला, पण बैलजोडी विकावी लागली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांना मी नंतर भेटलो. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "फादर, तो चालत कसा होता?" त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन करीत आलो आहे. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

पोटदुखीची कारणे शेकडो आहेत. त्यांतली बहुतेक साधी असतात: अपचन, हगवण, जंत, पाळीचे दुखणे. ती आपोआप किंवा साध्या औषधाने थांबतात. पण थोडीच अशी असतात की काही तासांत पोट उघडले नाही तर माणूस हातचा जातो. घरच्या माणसाने रोगाचे नाव ओळखावे अशी अपेक्षा नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. घरच्या माणसाने एवढेच ठरवावयाचे असते की आत्ता निघावयाचे, की सकाळपर्यंत थांबले तरी चालेल. झॅकरी कोप नावाच्या इंग्रज सर्जनांनी 1921 साली केवळ याच विषयावर एक पुस्तक लिहिले. आजही डॉक्टरीचे विद्यार्थी ते वाचतात. त्यांचा एक साधा नियम आहे: जो माणूस एरवी चांगला होता, त्याचे पोट जोराने दुखू लागले आणि सहा तास झाले तरी थांबले नाही, तर ते दुखणे बहुतांशी सर्जनच्या हातचे समजावे. हा सहा तासांचा नियम घरात सर्वांना माहीत असावा.

कोणी म्हणेल, आता सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आला, हाताने तपासण्याचे दिवस गेले. तसे नाही. यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी आधी घरातून निघावे लागते. शिवाय यंत्रे नव्हती तेव्हाही निदान होत होतेच. आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण पाहा. मार्च 1922 पासून महात्मा गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. जानेवारी 1924 मध्ये त्यांना पोटाचे दुखणे जडले. 12 जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस सुरू होता. मध्येच वीज गेली, हातातली बत्तीही विझली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती; पेनिसिलिनचा शोधही 1928 सालचा. डॉक्टरांजवळ भिस्त ठेवण्यासारखे होते ते डोळे, हात आणि रोग्याला विचारलेले प्रश्न. ज्या गांधीजींनी 1909 साली 'हिंद स्वराज्य' मध्ये डॉक्टरांवर कडक टीका केली होती, त्यांनीच त्या रात्री संमतिपत्रावर सही केली. पुढे जखमेपाशी पू झाल्यामुळे त्यांना बरे होण्यास वेळ लागला. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

आधी नुसते पाहा

बैल आजारी पडला म्हणजे आपण लगेच हात लावीत नाही. तो उभा कसा आहे, रवंथ करतो का, पोटावर लाथा मारतो का, हे गोठ्याच्या दारातून पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण सरळ तेल घेऊन पोट चोळावयास बसतो! तसे करू नये. पाच मिनिटे नुसते पाहावे.

रोगी तळमळतो आहे, उठतो, बसतो, कुशी बदलतो, कोठेच चैन पडत नाही, कळ येते आणि ओसरते, असे दिसले तर बहुधा आतली एखादी नळी अडली आहे. मुतखड्याचे दुखणे असे असते: कमरेच्या मागून निघून जांघेकडे उतरते, आणि पहिलवान माणूसही लोळण घेतो. उन्हाळ्यात बागेला पाणी देणारा स्वतः मात्र दिवसभरात दोन तांबे पाणी पीत नाही, त्याला हे हमखास होते. पण रोगी अगदी निश्चल पडून असेल, गुडघे पोटाशी घेऊन, हलवू नका म्हणत असेल, श्वासही वरवर घेत असेल, तर अधिक घाबरावे. पोटाच्या आतल्या बाजूला जे पातळ अस्तर असते त्याला सूज आली की जरासा हलण्यानेही वेदना होते, म्हणून माणूस दगडासारखा पडून राहतो. आरडाओरडा करणाऱ्याभोवती घर गोळा होते आणि गप्प पडलेल्याला 'झोप लागली' म्हणून सोडून देतात. पुष्कळदा उलटे असावयास हवे.

आता त्याला खोकावयास सांगा. खोकताना पोटात एका ठिकाणी चमक निघाली तर ते ठिकाण एका बोटाने दाखवावयास सांगा. जो सगळ्या पोटावरून हात फिरवितो त्याचे दुखणे अजून मोघम आहे. जो एका बोटाने नेमकी जागा दाखवितो आणि खोकताना हात लावून ती जागा धरतो, त्याला डॉक्टरकडे न्यावेच. खाचखळग्यांचा रस्ताही हेच सांगतो. 2012 साली इंग्लंडातील डॉक्टरांनी एक गमतीची पण उपयोगाची पाहणी प्रसिद्ध केली. अपेंडिक्सच्या संशयावरून आलेल्या रोग्यांना त्यांनी विचारले की रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी उडाली तेव्हा पोट जास्त दुखले का? गतिरोधकावरून आलेले 64 रोगी होते. त्यांतील 34 जणांना खरोखर अपेंडिक्स निघाले, आणि त्या 34 पैकी 33 जणांनी दुखणे वाढल्याचे सांगितले होते. अर्थात ज्यांना अपेंडिक्स नव्हते त्यांतल्याही अनेकांना दुखले होते. म्हणून याचा उपयोग उलट्या बाजूने अधिक: धक्क्याने काहीच वाढत नसेल तर अपेंडिक्सची शक्यता कमी. आपल्याकडे गतिरोधक मोजण्याची गरज नाही, गावाबाहेरचा पांदण रस्ता पुरेसा आहे.

मग हलका हात

हात लावावयाचा तो गरम करून. रोग्याला उताणे निजवून गुडघे थोडे वर घ्यावे, म्हणजे पोट सैल पडते. जेथे दुखते तेथून सर्वांत दूरच्या जागेपासून सुरुवात करावी आणि दुखरी जागा शेवटी. बोटे रुतवू नयेत. पंजा सपाट ठेवावा. नजर पोटावर नव्हे, रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. लहान मूल "दुखत नाही" असे म्हणेल, कारण त्याला सुईची भीती. पण कपाळावर आठी उमटेलच.

हाताला पोट कडक लागले तर दोन गोष्टींत फरक करावा. भीतीने किंवा गुदगुल्यांनी माणूस पोट आवळतो. त्याला बोलण्यात गुंतविले, मोठा श्वास सोडावयास लावला की ते सैल होते. पण काही केल्या सैल होत नाही, बोलताना नाही, श्वास सोडताना नाही, तो ताठरपणा आतल्या सुजेचा. असे आढळले की तपासणी तेथेच थांबवून गाडी बोलवावी.

अपेंडिक्सचे दुखणे प्रथम बेंबीभोवती सुरू होते. आधी कळ, मग मळमळ किंवा उलटी, अन्नावरची वासना उडते, ताप त्यानंतर आणि तोही थोडा. काही तासांनी दुखणे जागा बदलून खाली उजवीकडे येते. बेंबी आणि उजव्या बाजूचे कमरेचे पुढे आलेले हाड यांमध्ये एक रेषा धरा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर जी जागा येते, तेथे बोटाने दाबले असता अधिकात अधिक दुखते. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 साली ही जागा दाखवून दिली आणि तिला अद्याप त्यांचेच नाव आहे. डेन्मार्कच्या रोव्हसिंग यांनी 1907 साली आणखी एक खूण सांगितली: पोटाच्या डाव्या बाजूला दाबले असता दुखते मात्र उजवीकडे. तिसरी खूण मांडीची. अपेंडिक्सच्या मागे मांडी उचलणारा मोठा स्नायू असतो. सूज त्याला लागली की पाय सरळ मागे ताणला जाताना दुखते, म्हणून माणूस वाकून, उजवा पाय जपून चालतो. माझ्या दाराशी आलेला बंधू मला नेमके हेच दाखवीत होता.

दाबून एकदम हात सोडावा आणि सोडताना दुखते का पाहावे, अशीही एक जुनी चाचणी आहे. घरी कोणीही ती करू नये. रोग्याला विनाकारण यातना होतात, आणि खोकून किंवा बोटाने हलकेच टिचकावून तेवढेच कळते. या सर्व खुणा एकाच रोग्यात सापडतील असेही नाही. दोन सापडल्या तरी निघावे.

वाजवून पाहणे

वाजवून पाहण्याची विद्या व्हिएन्नाचे डॉक्टर औएनब्रुगर यांची. 1761 साली त्यांनी ती लॅटिन पुस्तकात मांडली. त्यांचे वडील खानावळवाले होते; पिंपात दारू किती उरली हे ते बाहेरून टिचक्या मारून ओळखीत आणि मुलाला ते पाहून सुचले, असे सांगतात. आपणांस हे नवे नाही. ओला लसूणघास खाऊन गाय फुगली की तिच्या डाव्या कुशीवर टिचकी मारून आपण ढोलासारखा आवाज ऐकतोच.

माणसाच्या उजव्या बरगड्यांखाली यकृत असते, तेथे आवाज बद्द येतो. जठराच्या व्रणाला एकाएकी भोक पडले तर आतली हवा सुटून वर यकृतापुढे जमते, आणि बद्द आवाजाच्या जागी पोकळ आवाज येतो. उभे करून काढलेल्या एक्स-रेत तीच हवा दिसते. या दुखण्याची वेळ रोगी घड्याळात सांगू शकतो, इतके ते एकदम येते: सुरी खुपसल्यासारखे. पोट लाकडी फळीसारखे होते. कधी खांद्याच्या टोकाशीही दुखते, कारण छाती-पोटामधील पडद्याची नस मानेतून निघते. याविषयी एक इशारा ठळक अक्षरांत लिहावासा वाटतो. काही तासांनी या रोग्याला बरे वाटू लागते. वेदना उतरते, तो पाणी मागतो, घरचे सुटकेचा निश्वास टाकतात. हे बरे होणे खोटे आहे. अपेंडिक्स फुटतानाही तसेच घडते. पुढे पोट फुगते, नाडी जलद आणि बारीक होते, आणि मग शस्त्रक्रियेलाही अंग साथ देत नाही.

व्रणाला भोक का पडते? आपल्या भागात एक कारण उघड आहे. कंबर, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून सुट्या गोळ्या आणावयाच्या आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर गिळून शेतात जावयाचे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठराचे अस्तर खातात. तंबाखू आणि दारू जोडीला असली तर विचारावयास नको. डॉक्टरांना विचारल्यावाचून अशा गोळ्या आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत.

पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, शौच नाही आणि वाराही सरत नाही, तर आतडे अडले आहे. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या माणसात जुन्या टाक्यांच्या आत आतडे चिकटून असे होते. दुसरे कारण अंतर्गळ, म्हणजे हर्निया. आपल्यांत कित्येक माणसे जांघेतली गाठ वर्षानुवर्षे लंगोट आवळून वागवितात, पोती उचलतात आणि घरच्यांपासूनही लपवितात. निजल्यावर गाठ आत जाते तोवर ठीक. ज्या दिवशी ती कडक होऊन आत जाईना, दुखू लागली, त्या दिवशी आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. म्हणून पोट तपासणे म्हणजे जांघेपर्यंत तपासणे. लाज बाजूला ठेवा. मुलग्यांच्या बाबतीत तर आणखी एक: अंडकोषाला पीळ पडला तरी मुलगा लाजेने "पोट दुखते" एवढेच सांगतो, आणि सहा तासांच्या आत पीळ सोडविला नाही तर तो अवयव वाचणे कठीण होते. बापाने मुलाला एकांतात विचारावे.

पित्ताशयाच्या दुखण्यात उजव्या बरगडीखाली हात ठेवून मोठा श्वास घ्यावयास लावले तर रोग्याचा श्वास अर्ध्यावर अडकतो. शिकागोच्या मर्फी यांची ही खूण. स्वादुपिंडाची सूज बहुधा दारूने किंवा पित्तखड्याने येते. कळ आरपार पाठीत जाते आणि पुढे वाकून बसले की थोडी कमी होते. मोहाची घरची दारू आहे म्हणून ती सौम्य असते असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बायाबापड्या, मुले, म्हातारे

लग्न झालेल्या स्त्रीची पाळी चुकली आहे, खालच्या पोटात एका बाजूला एकाएकी दुखते, चक्कर येते, चेहरा पांढराफटक पडतो, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहून नळी फुटली असण्याचा संभव असतो. आत रक्तस्राव चालू असतो. बाहेर थोडाच दिसेल किंवा दिसणारही नाही. येथे सासूने, नवऱ्याने एक मिनिटही चर्चा करू नये.

एक-दोन वर्षांच्या आतले मूल दर थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मध्येच मलूल पडते, आणि शौचात लाल रसासारखे रक्त येते, तर आतडे आतड्यात शिरले आहे. दृष्ट काढीत बसू नये. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींत वर सांगितलेल्या खुणा फिक्या पडतात. पोट फळीसारखे होईलच असे नाही, तापही येईलच असे नाही. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, गप्प आहेत आणि पोट दुखते म्हणतात, एवढे पुरे.

पोट दुखते, पण रोग पोटात नाही

हा भाग शेतकऱ्यांनी दोनदा वाचावा. रात्री झोपडीत किंवा घरात जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, ओकतो. अंगावर चाव्याची खूण नसते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की पुष्कळांना चावल्याचे कळतही नाही. त्याला सापाच्या विषावरचे इंजेक्शन हवे आणि श्वासाला आधार देणारे रुग्णालय हवे. जमिनीवर निजावे लागत असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून निजावे.

कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाच्या पोटात पेटके येतात, लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते: ही विषबाधा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसाल. अंगावरचे कपडे काढून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. चाळिशीच्या पुढच्या माणसाला बेंबीच्या वर दाटल्यासारखे होते, घाम येतो, दम लागतो, तर तो गॅस नव्हे, हृदयाचा झटकाही असतो. आणि ज्या घरात सिकलसेल आहे तेथे रोग्याचे कार्ड दाखविल्यावाचून पोटदुखीचा इलाज सुरू होऊ देऊ नये.

काय करू नये

पोट चोळू नये, बेंबी सरकली म्हणून ती बसवू नये. सुजलेले आतडे चोळण्याने फुटते. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा देऊ नये. गरम विळ्याने डाग देण्याची चाल अजून पूर्णपणे गेलेली नाही. तान्ह्या मुलाच्या पोटावर असे चटके मी स्वतः पाहिले आहेत आणि मला ते बोलण्यावाचून राहवत नाही. हा इलाज नव्हे, इजा आहे. संशय आला की काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल. दुखणे मारणाऱ्या गोळीविषयी जुन्या पुस्तकांत सक्त मनाई असे. आता तपासून झाल्यावर डॉक्टर वेदनाशामक देतात आणि त्याने निदान बिघडत नाही असे ठरले आहे. पण ते रुग्णालयात. घरी गोळ्यांवर गोळ्या देऊन दिवस काढणे वेगळे.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी पोट उघडावे लागणाऱ्या रोग्यासाठी आपणांस अनेकदा नागपूर, छिंदवाडा किंवा बैतूलची वाट धरावी लागते. हे अंतर लक्षात घेऊनच सहा तास मोजावेत. 108 ला फोन करावा. आयुष्मान कार्ड आणि आधार कार्ड एकाच पिशवीत, ठरलेल्या खुंटीवर ठेवावे. कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो, हे ऐन वेळी घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. निघताना एका कागदावर लिहून घ्यावे: दुखणे किती वाजता सुरू झाले, आधी कोठे होते आणि आता कोठे आहे, उलटी दुखण्याच्या आधी की नंतर, शेवटचे शौच व लघवी केव्हा, वारा सरतो का, स्त्री असल्यास पाळीची तारीख, पूर्वीची शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे, शेवटचे खाणे केव्हा. गाडीत बसल्यावर हे आठवेल असे समजू नये. कागद रोग्याच्या खिशात न ठेवता बरोबर जाणाऱ्याच्या हातात द्यावा.